दारावरून आलेली गोळी

माझी आत्या रोज सकाळी पाण्याचा वास घेते. तलावाचं फाटक उघडलं, की कपडे बदलायच्या आधी, शिट्टी गळ्यात अडकवायच्याही आधी, ती काठाशी उकिडवी बसते, ओंजळभर पाणी उचलून नाकाशी नेते आणि निकाल देते. "आज रागावलंय. औषध जास्त पडलंय, सगळ्या शिंकणार." किंवा, "आज बरं आहे. नुकतीच आंघोळ केल्यासारखं." पाणी आंघोळ कशाने करणार, असं विचारायची सोय नसते. विचारलं, तर ती ओंजळीतलं पाणी विचारणाऱ्याच्या अंगावर उडवते आणि कपडे बदलायला निघून जाते.

ती बायकांना पोहायला शिकवते. सकाळच्या वर्गात बहुतेक चाळिशी उलटलेल्या असतात. कुणाला गुडघ्यासाठी सांगितलेलं असतं, कुणाला कमरेसाठी, आणि काहींना नुसतं तासभर घराबाहेर पडायचं असतं. आत्याला नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून तिने सगळ्यांना धंद्यावरून टोपणनावं दिली आहेत. बँकेतली ती बँकबाई, शाळेतली हेडबाई, चौकात फुलांचं दुकान असलेली ती फुलवाली. त्यांनीही उसनं ठेवलेलं नाही. काठावर एका पायावर उभं राहून, दुसऱ्या पायाचा तळवा पोटरीला टेकवून ती ओरडत असते, म्हणून तिला त्या पाठीमागे बगळी म्हणतात. पाठीमागे म्हणजे तिला ऐकू येईल इतपतच.

"हेडबाई, पाण्याला मिठी मारू नका, ते काही तुमचं माहेर नाही! झोपा त्याच्यावर!"

"नाकात जातंय हो!"

"मग नाक कशाला खुपसता? वर्गात खुपसता तेवढं पुरे!"

तिचा आवाज पांढऱ्या फरशीवर आपटून छतापर्यंत जातो आणि तिथून सगळ्यांच्या डोक्यावर पडतो. या आवाजाच्या बाईला एखादी गोष्ट बोलता येणार नाही, असं कुणाला खरं वाटणार नाही. पण एक गोष्ट तिला बोलता आली नाही आणि त्यापायी ती जवळजवळ पाण्याबाहेर गेली होती. त्याचीच ही हकीकत.

आत्याला यकृताचा आजार आहे. तो आतोबांनी पकडला. आतोबांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ते लोकांच्या डोळ्यांत बघत असतात. आत्याचं म्हणणं असं, की घरी आल्यावर त्यांना कुणाच्याच डोळ्यांत बघायची इच्छा उरत नाही. तरी एके दिवशी जेवताना त्यांनी चमचा खाली ठेवला आणि तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.

"अहो, मुलगी बसलीये समोर," आत्या म्हणाली. मुलगी म्हणजे मी.

"गप्प बस. डोळे पिवळे झालेत तुझे."

मग तपासण्या झाल्या, पोटावर थंडगार जेली लावून फोटो झाले, सुई घालून तुकडा काढून झाला. शेवटी यकृताच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की शरीराचे रखवालदार बिथरले आहेत आणि ते घरच्याच यकृताला चोर समजून बडवत आहेत. यकृताला थोडे वण पडले आहेत, पण काम चालू आहे. रखवालदारांना शांत करायचं तर स्टिरॉइड घ्यावं लागेल, आधी मोठ्या मात्रेत.

आत्याने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. पण लिव्हर म्हटलं, की लोक बाटली शोधतात. शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि जाताना हळूच म्हणाल्या, "आता तरी सोडा हो." त्या गेल्यावर आत्या इतकी हसली, की आतोबांना पाणी आणावं लागलं. हसून झाल्यावर मात्र म्हणाली, "तलावावर कुणाला कळता कामा नये."

त्याला कारण होतं. तलावाच्या फाटकावर पाटी आहे: आजारी व्यक्तींनी पाण्यात उतरू नये. कुठला आजार, ते पाटीवर लिहिलेलं नाही, आणि व्यवस्थापकांना ते विचारण्यात रस नाही. म्हणून तलावावर सांगितलं गेलं, की ती जावेच्या बाळंतपणाला गेली आहे. तिची जाऊ तेव्हा साठीला आली होती.

मोठ्या मात्रेचे ते महिने वाईट गेले. चेहरा फुगला, इतका, की डोळे गालांत बसल्यासारखे दिसायचे. हात थरथरायचे. मांड्यांतली ताकद गेली. खुर्चीतून उठताना ती टेबलाला धरायची. एकदा सुट्टीच्या दिवशी फक्त पाणी बघायला म्हणून आम्ही दोघी तलावावर गेलो. ती शिडीने खाली उतरली, पण तिला वर येता येईना. मी पाण्यात उतरून मागून ढकललं तेव्हा ती वर आली. काठावर बसून म्हणाली, "चिमणे, बाळंतपण जड गेलं गं जावेचं."

पुढे मात्रा हळूहळू कमी होत गेली. चेहरा जागेवर आला, ताकद आली, ती पुन्हा काठावर एका पायावर उभी राहिली. अगदी छोटी गोळी उरली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, की पुढची तपासणी चांगली आली तर ही अर्धी करू. आत्याने त्या दिवसापासून कॅलेंडरकडे बघायला सुरुवात केली. मोठी मात्रा म्हणजे पाण्याबाहेर आणि छोटी मात्रा म्हणजे पाण्यात. तिच्यासाठी आजाराचा सगळा हिशेब एवढाच होता.

आता तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीबद्दल सांगायला हवं. तिथे एका ओळीत लहान खण आहेत, प्रत्येकाला दार. दारं खाली गुडघ्यापर्यंत आणि वर डोक्यापर्यंत, बाकी मोकळं. बायका आत ओले कपडे पिळत असतात आणि दारावरून एकमेकींशी बोलत असतात. ते बोलणं काठावरच्या बोलण्यासारखं नसतं. चेहरा दिसत नाही म्हणून तिथे काहीही विचारता येतं. पाळी लांबली, शिंकल्यावर थेंब सुटतात, नवरा कुशीवर वळून झोपतो, सगळं. ज्या बाईला उत्तर माहीत असेल ती आपल्या खणातून देते. कोण बोललं हे कुणी विचारत नाही, आणि दारावरचं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण तो पाटीवरच्या नियमांपेक्षा कसोशीने पाळला जातो.

आणि दारावरून फक्त शब्द जात नाहीत. डोकेदुखीची गोळी जाते, पॅड जातं, मलम जातं. एक हात वर येतो, दुसरा हात घेतो.

आत्याला खाज सुटली ती त्याच सुमारास. खाली, नको तिथे. अंगावरून पांढरं जायला लागलं, दह्यासारखं घट्ट. लघवी करताना झोंबायचं. सकाळपासून दुपारपर्यंत ती ओल्या कॉस्च्यूममध्ये असायची. एक वर्ग संपला की दुसरा, मध्ये बदलायचा कंटाळा. वर्गाला सूचना देताना एका पायावर उभं राहणंही तिला जड झालं होतं. बायकांना वाटलं, बगळी म्हातारी झाली.

आम्हाला घरी यातलं काहीही माहीत नव्हतं. हे सगळं तिने नंतर सांगितलं, आणि एकदा सांगायला लागल्यावर नकला करून सांगितलं.

तर एके दिवशी तिने आपल्या खणातून, आवाज बारीक करून, विचारलं, "खाज येत असेल तर काय करतात हो?"

सगळ्या खणांतलं कपडे पिळणं थांबलं. तो बारीक आवाज कुणाचा हे प्रत्येकीला कळलं होतं. बारीक केला तरी तो छताला लागून आला होता. पण नियम म्हणजे नियम. मग एका खणातून, कमालीच्या गंभीर सुरात, प्रश्न आला, "कुठे खाज येते हो, अनोळखी बाई?"

"जिथे येऊ नये तिथे."

"पांढरं जातं?"

"जातं."

"बुरशी असते ती. मला झाली होती. एक गोळी, की खलास." आणि एक हात दारावरून आला.

आत्याने ती गोळी घेतली. दोन-चार दिवसांत बरं वाटलं. तिला वाटलं, एवढंसं तर होतं. पण ओला कॉस्च्यूम तोच होता आणि छोटी गोळीही तीच चालू होती; महिना सरायच्या आत खाज परत आली. तिने पुन्हा बारीक आवाज काढला. या वेळी दुसऱ्या खणातून हात आला. त्या हाताच्या अंगठ्याचं नख जाड आणि अर्धं पिवळं होतं. दिवसभर फुलांच्या बादल्यांत बुडालेला हात कुणाचा, हे ओळखायला चष्मा लागत नव्हता. हातात गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती.

"नखाच्या बुरशीसाठी दिल्यात मला. उरल्यात. रोज एक घ्या, मुळापासून जाईल."

"नखाची चालेल का पण?"

"बुरशी ती बुरशीच की हो!"

आत्याला हे पटलं. बुरशी ती बुरशीच. घरी आल्यावर ती रोज एक गोळी घेऊ लागली. छोट्या गोळीच्या शेजारीच ठेवून.

मग ठरलेली रक्ततपासणी आली. डॉक्टरकडे जाताना ती मला बरोबर घेते. डॉक्टर बोलायला लागल्या, की माझं डोकं दुसरीकडे जातं, तू ऐक, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी तिने चांगला शर्ट घातला होता. रिक्षात म्हणाली, "अर्धी झाली ना गोळी, की तुला चहा पाजते. दोन कप."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला. मग परत बघितला. चष्मा काढून डोळे चोळले.

"आकडे वाढलेत," त्या म्हणाल्या. "चांगलेच वाढलेत. थकवा? भूक?"

"भूक जरा कमी आहे. थकवा काय, वयाचा असतो."

"लघवी गडद होते?"

"पाणी कमी प्यायले असेन."

"पाण्यात राहून?" डॉक्टर हसल्या नाहीत. "नवीन काही औषध घेतलंत? दुसऱ्या कुणी दिलेलं? दुकानातून आणलेलं?"

"नाही," आत्या म्हणाली.

लगेच म्हणाली. इतकं लगेच, की मी तिच्याकडे बघितलं. तिची नजर डॉक्टरांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या यकृतावर होती.

"मग आजारच उसळलाय, असं धरावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "गोळी अर्धी करायची बात सोडा. मला वाढवावी लागेल. बरीच."

"किती?"

"सुरुवातीला होती तिथपर्यंत."

आत्याचे हात मांडीवर होते, एकात एक अडकवलेले. ती शिडी आठवत असणार हे मला कळलं, कारण मलाही तीच आठवली.

"आधी पोट तपासते. झोपा तिकडे," डॉक्टर म्हणाल्या. खोलीच्या कोपऱ्यात तपासायचा पलंग होता आणि त्याभोवती हिरवा पडदा. आत्या पडद्याआड गेली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि त्या बाहेर येऊन हात धुऊ लागल्या. आत आत्या कपडे सारखे करत होती. मी खुर्चीत बसले होते. नळ वाहत होता.

तेवढ्यात पडद्याआडून एक आवाज आला. बारीक, चिरका, मी कधीच न ऐकलेला.

"एका बाईला खाज येत असेल तर?"

डॉक्टरांनी नळ बंद केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले.

"कुठल्या बाईला?" डॉक्टर म्हणाल्या.

"आहे एक."

डॉक्टर पडद्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता त्या पडदा सरकवणार. पण त्या थांबल्या. काय वाटलं त्यांना कोण जाणे. पडद्याकडे पाठ करून त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि बाहेर बघत म्हणाल्या, "त्या बाईला विचारा, कुठे येते?"

मग सगळं आलं. पांढरं जाणं, झोंबणं, पहिली गोळी, दुसऱ्यांदा आलेली खाज, नखाची पट्टी. आवाज बारीकच राहिला, पण सुसाट सुटला. "आणि ती बाई म्हणाली, बुरशी ती बुरशीच. आणि दारावरचं दाराबाहेर न्यायचं नसतं, म्हणून मघाशी नाही म्हटलं. खाज येते ती म्हणजे ही बाई. म्हणजे मी, डॉक्टर."

शेवटचे दोन शब्द तिच्या स्वतःच्या आवाजात होते. खिडकीची काच थरथरली.

डॉक्टर आता हसल्या. मग टेबलाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "या बाहेर. मघाशी एकच संशयित होता, मी त्याला फाशी द्यायला निघाले होते. आता दोन झाले."

आत्या बाहेर आली. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पट्टी आणलीये?"

पट्टी तिच्या पर्समध्येच होती. डॉक्टरांनी ती उलटून मागचं नाव वाचलं आणि जिभेने च्यक् केलं. "ही गोळी वाईट नाही. नखाला हीच लागते. पण धडधाकट यकृत असलेल्याला देतानासुद्धा आम्ही आधी रक्त बघतो. तुमच्या यकृताला वण आहेत. पोटातून घ्यायची बुरशीची औषधं यकृताच्या अंगणातून जातात, काही तर धुडगूस घालत जातात. आणि ही खालच्या बुरशीसाठी नाहीच मुळी."

"मग बुरशी ती बुरशी नाही?"

"आंबा आणि कांदा दोन्ही झाडंच की. एकच खत घालता का?"

आत्याला हे उत्तर आवडलं. तिने ते मनात ठेवून घेतलेलं मला दिसलं.

"ही आत्ता बंद," डॉक्टर म्हणाल्या. "स्टिरॉइड मी आज वाढवत नाही. तसंच ठेवते. दर आठवड्याला रक्त तपासू. आकडे उतरले, तर दोष गोळीचा. नाही उतरले किंवा आणखी चढले, तर मला वाढवावंच लागेल, तेव्हा मग भांडायचं नाही. आणि मधल्या काळात डोळे पिवळे दिसले, उलट्या झाल्या, गुंगी आली, तर वाट न बघता सरळ निघून यायचं. डोळे बघायला घरी तज्ज्ञ आहेतच."

"आणि खाज?" आत्याने आता स्वतःच्याच आवाजात विचारलं.

"तिला जागच्या जागी औषध. आत ठेवायची गोळी आणि वरून लावायचं मलम. ते तिथल्या तिथे काम करतं, यकृतापर्यंत फारसं पोचत नाही. पण त्याआधी पलीकडच्या खोलीत बायकांच्या डॉक्टर बसतात, त्या बाईंकडून तपासून घ्या. खाज म्हटलं की बुरशीच असं नसतं. पुसून नमुना घेतील, बघतील, मग देतील. साखरही तपासू, स्टिरॉइडने ती चढते आणि साखर चढली की बुरशीला मेजवानी."

"घरात झाडपाल्याची पावडर आहे, एकीने दिलेली. ती तर निरुपद्रवी असते ना?"

"झाडपालासुद्धा यकृतातूनच जातो. त्याला काही मागचं दार नसतं. ती फेकून द्या. आतून साबण-बिबणाने धूत बसू नका. आणि कुठल्याही डॉक्टरकडे, कुठल्याही औषधाच्या दुकानात गेलात, की पहिलं वाक्य: मला यकृताचा आजार आहे. नमस्काराच्याही आधी."

"बुरशी मला झालीच का पण? मी तर सगळ्यात स्वच्छ पाण्यात असते."

"ती अस्वच्छ बाईला होते, असं कुणी सांगितलं? ती सगळ्यांच्या अंगात थोडी असतेच. पहारा ढिला पडला की माजते. तुमचा पहारा आपणच औषध देऊन ढिला केलाय. वर अर्धा दिवस ओले कपडे."

आत्याने पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. मग इतका वेळ अडवून धरलेलं विचारलं. "तलावात उतरू का? माझ्यामुळे बाकीच्यांना?"

"पाण्यातून ही कुणाला होत नाही. जखम नसेल, त्रास होत नसेल तर उतरा. फक्त बाहेर आलात की कोरडे व्हा."

बाहेर आल्यावर तिने मला चहा पाजला. एकच कप, दोघींत. "अर्धी कुठे झाली गोळी?" ती म्हणाली.

घरी आतोबांना कळलं तेव्हा ते रागावले, पण त्यांना रागावता येत नाही, म्हणून ते चष्मे पुसत बसले. "खाज मला सांगता आली नाही तुला?"

"तुम्हाला सांगून काय, नंबर काढून दिला असता?"

पुढचे आठवडे ती पाण्यात उतरली नाही. डॉक्टरांची मनाई नव्हती. आग थांबेपर्यंत तिलाच क्लोरीन नको वाटत होतं. कोरड्या कपड्यांत, पायांत सपाता घालून ती काठावरून शिकवत होती. पलीकडच्या बाईंनी तपासून दिलेलं मलम सांगितलं तितके दिवस लावलं. बरं वाटल्यावरही सोडलं नाही. खाज गेली. पण रक्ताचं रक्ताला माहीत. आतोबा रोज सकाळी तिला खिडकीपाशी उभं करून डोळ्यांत बघायचे. लग्नानंतर एवढं कधी बघितलं नव्हतं, असं ती सांगायची, आणि हे सांगताना खिडकीपाशी जरा वेळेआधीच जाऊन उभी असायची.

पहिल्या आठवड्याला आकडे उतरले नाहीत. चढलेही नाहीत. त्या दिवशी ती वर्गात कुणावर ओरडली नाही आणि बायका घाबरल्या.

वर्ग संपल्यावर बँकबाईने विचारलं, काठावर, उघड्यावर, सगळ्यांसमोर. "बाई, तुम्ही पाण्यात का येत नाही? काय झालंय?"

दारावरचं दाराबाहेर न्यायचं नसतं. पण हे काठावर विचारलेलं होतं. आत्याने दोन्ही पाय जमिनीवर ठेवले.

"मला यकृताचा आजार आहे," ती म्हणाली. "नमस्काराच्या आधी सांगायचं असतं ते. दारू नाही, आधीच सांगते. जाऊ बाळंत झाली नव्हती. आणि मला खाली बुरशी झाली होती. आणि मी कुणाच्या तरी उरलेल्या गोळ्या खाल्ल्या आणि आकडे वर गेले."

फुलवाली पाण्यात उभी होती, छातीपर्यंत. तिने आपला अंगठा दुसऱ्या मुठीत लपवला. चेहरा पांढराफटक. "बाई, त्या..."

"गप्प. कुणाच्या ते मला माहीत नाही. नियम आहे." आत्या तिच्याकडे न बघता म्हणाली. "देणारीने चांगल्या मनाने दिल्या. तोंड माझं होतं, यकृत माझं होतं, विचारायला मी हवं होतं. पण यापुढे दारावरून पॅड द्या, कंगवा द्या, सल्ला म्हणून डॉक्टरचा पत्ता द्या. पोटात घ्यायची गोळी द्यायची नाही. पलीकडे कोण उभी आहे, तिच्या पोटात काय आहे, आपल्याला दिसत नाही."

"आणि बुरशी ती बुरशीच ना पण?" हेडबाईने विचारलं. तिला विषय समजून घ्यायची सवय आहे.

"आंबा आणि कांदा दोन्ही झाडंच. एकच खत घालता का?" आत्या म्हणाली, जणू तिचंच वाक्य.

हेडबाई म्हणाली, कांदा झाड नसतो. यावर बराच वेळ वाद झाला. वादात फुलवाली रडली आणि तिचं रडणं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती आधीच ओली होती. मला दिसलं. आत्यालाही दिसलं असावं, कारण जाताना तिने फुलवालीला सगळ्यांपेक्षा जास्त झापलं, पाय वाकडे मारते म्हणून.

व्यवस्थापकांच्या कानावर गेलंच. ते काठावर आले, घसा खाकरला आणि पाटीबद्दल बोलू लागले. आत्याने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं, खाजेपासून सुरुवात करून, तिच्या नेहमीच्या आवाजात. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केले. "उतरा बाई, उतरा," म्हणाले आणि निघून गेले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या आठवड्याला आकडे जरा उतरले. तिसऱ्याला बरेच. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून टेबलावर टिचकी वाजवली. "गोळीच होती. स्टिरॉइड वाढवायची गरज नाही."

"मग अर्धी?"

"अर्धी आत्ता नाही. यकृताला दम खाऊ द्या. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी, असं मागच्या वेळीही म्हणाला होतात."

"मागच्या वेळी तुम्ही खोटं बोलला होतात."

आत्याने मान्य केलं. एवढ्यावर दोघींची बरोबरी झाली.

खाज नंतर एकदा परत आली, थंडीत. तिने त्याच दिवशी फोन केला, पहिलं वाक्य नमस्काराच्या आधी बोलली, तपासून घेतलं, मलम आणलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, की वारंवार व्हायला लागलं तर पोटातल्या गोळीचाही विचार करता येईल, पण तो त्या करतील, रक्ताकडे बघत बघत. आत्याकडे आता दोन कॉस्च्यूम आहेत, सुती आतले कपडे आहेत, आणि दोन वर्गांच्या मध्ये ती कपडे बदलते. बायका थांबतात. गोळी अजून अर्धी झालेली नाही. ती त्याबद्दल फारसं बोलत नाही. पाण्यात असते.

काल सकाळी मी तिला डबा द्यायला गेले होते. वर्ग संपत आला होता आणि फुलवाली पहिल्यांदाच न थांबता, मधल्या दोरीला न धरता, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. पाय वाकडेच मारत गेली. पलीकडच्या शिडीने वर आली, आणि निथळत, घसरत, फरशीवरून धावत आत्याकडे आली. आत्या त्याआधीच बदलून आली होती आणि बाकावर बसून केस पुसत होती.

"बाई! बघितलंत का? मी गेले! अख्खी गेले! मधे एकदा वाटलं, बुडतेय, पण मग मी—"

"बघितलं," आत्या म्हणाली. "आधी कोरडे कपडे घाल, मग सांग."